सरसाचा वाद

मामाजी, तुम्ही पकडले गेलात.

आता तिकडून कितीही नाही म्हणा, पुरावा माझ्या ओंजळीत आहे. बिस्किटांचा तो जुना पत्र्याचा डबा, जो तुम्ही पलंगाखाली सरकवून ठेवायचात आणि मी झाडताना त्याला हात लावला की उगाच खाकरायचात, तो मी उघडला. तेरवी होऊन गेली होती, तरी घरात अजून कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आणि मी त्या डब्यासमोर फतकल मारून खदखदा हसत सुटले. आई तव्यावरची पोळी तशीच टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं, सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला. मग त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि त्याही हसायला लागल्या. हसता हसता आम्ही सासू-सुना रडलो, पण ते नंतर. आधी तुमची चोरी.

सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्हाला मध्येच पळवाट काढता येणार नाही.

लग्न होऊन मी डोणगावहून खामगावात आले तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात. राग वगैरे काही नव्हता, रीतच तशी. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. तुम्ही ओसरीत, मी स्वयंपाकघरात, आणि मधल्या दारात आई. 'सूनबाईले म्हणा, चहा ठेव.' मी समोर उभी असले तरी निरोप आईंमार्फतच यायचा आणि उत्तरही त्याच वाटेनं जायचं. चहाचं ठीक होतं, पण एकदा घरात विंचू निघाला तेव्हाही तुम्ही आधी आईंना हाक मारलीत.

ओसरीत तुमच्या पेट्या. बाजाच्या पेट्या. भजनी मंडळांच्या, भीमगीतं गाणाऱ्यांच्या, कव्वालांच्या, शाळांच्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाची फळी सुटलेली, कुणाच्या सुरांमध्ये उंदरानं संसार मांडलेला. आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर डब्यात डबा ठेवून तुमचा सरस तापत असायचा. सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेला गोंद, एवढं मला माहीत होतं. त्याचा वास मात्र माहीत नव्हता. पहिले काही महिने मी नाकाला पदर लावूनच त्या घरात वावरले, आणि लोकांना वाटायचं, काय मर्यादशील सून आहे.

एक दिवस तुम्ही दारात कुणा गिऱ्हाइकाशी बोलत होतात आणि तो वास बदलला. ओल्या कातड्याचा जाऊन करपल्या केसांचा यायला लागला. आई देवळात गेलेल्या. निरोप द्यायला कुणीच नाही. मी मधल्या दारातूनच म्हटलं, "मामाजी, सरस उकळून राह्यला." तुमच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य. लोकांच्या सुना पहिल्यांदा काय बोलत असतील कुणास ठाऊक, मी हे बोलले. तुम्ही धावत येऊन डबा उतरवलात आणि माझ्याकडे न बघता, डब्याकडे बघत विचारलंत, "तुले कसं समजलं, का तो उकळू द्यायचा नसते?"

"वास बदलला."

"लोकायले वास येते," तुम्ही डब्यालाच सांगितलंत, "बदलला का नाई, हे समजत नाई."

दुसऱ्या दिवशी आईंकडून निरोप आला, सूनबाईले म्हणा सरसाकडे नाक ठेव. नाक ठेवता ठेवता हात आला. कडक सरस गार पाण्यात रात्रभर भिजवायचा, तो फुगून मऊ झाला की डब्यात डबा ठेवून तापवायचा, बोट सोसेल इतकाच. मग चिमटीत थेंब धरून बोटं उघडायची आणि पाकाची तार बघतात तशी तार बघायची. हे सगळं तुम्ही शिकवलंत, पण शिकवतो आहे असं एकदाही दाखवलं नाहीत. तुम्ही आपले शेगडीशी बोलायचात. मी ऐकायचे. हळूहळू शेगडीच्या ऐवजी मला सांगायला लागलात, आणि आई मधल्या दारातून उठून निवांत आपल्या मैत्रिणींकडे जायला लागल्या.

आणि मग आपला वाद सुरू झाला.

लोकांच्या घरी सासू-सून भांडतात. आपल्या घरी सासरा-सून, आणि विषय काय, तर वाटीभर उरलेला सरस. काम झालं की थोडा उरतोच. उन्हाच्या गावात तो चार दिवसांत सडतो. फेकायचा म्हटलं की तुमच्या जिवावर यायचं. त्याचं करायचं काय? तुमचं म्हणणं, तो जमू द्यायचा, त्याच्या वड्या कापायच्या, सावलीत खडखडीत वाळवायच्या आणि डब्यात भरून ठेवायच्या. वर्षानुवर्षं राहतात. लागेल तेव्हा भिजवा, तापवा, लावा. "सरस झोपते, मरत नाई," तुम्ही म्हणायचात. "पाणी पाजलं का उठते."

माझं म्हणणं, हा एवढा खटाटोप कशाला? स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा. लागला की चमचाभर काढा. फ्रीजचं नाव काढलं की तुमची मान हलायची. माझ्या माहेरून आलेला फ्रीज, त्यात तुम्ही पाणीसुद्धा ठेवायचा नाहीत, माठातलं प्यायचात. "थंडा झालेला सरस आळशी होते. लाकूड धरतच नाई." मी म्हणायचे, वाळलेला काय कामसू होतो? तुम्ही म्हणायचात, पाह्यजो. गिऱ्हाईक आलं की तेवढ्यापुरते थांबायचो, ते गेलं की जिथं सोडलं होतं तिथून पुढे. एकदा एका गुरुजींनी ऐकून ऐकून कंटाळून विचारलं, यापेक्षा सरस गोंद मिळत नाही का हो बाजारात? तुम्ही म्हणालात, "नाव काय म्हणलं तुमी त्याचं?" आणि मी आत जाऊन हसले. त्या एका बाबतीत आपण एका बाजूचे होतो.

चिखलीच्या आत्यांचं आठवतं ना? तुमच्या धाकट्या बहीण, उपासतापास कडक, कांदा चिरलेल्या हातचं पाणीही न पिणाऱ्या. शिवरात्रीला आल्या होत्या. आईंनी उपासाला साबुदाण्याच्या चिकवड्या घालून वाळवून ठेवल्या होत्या, आणि जिन्याच्या खोलीत त्यांच्या शेजारच्या सुपात तुमच्या सरसाच्या वड्या. त्याही पिवळट, त्याही आरपार दिसणाऱ्या. आत्या हौसेनं म्हणाल्या, तुम्ही बसा, मी तळते. तेलात पडल्याबरोबर वड्या फुगल्या, उड्या मारायला लागल्या, आणि साऱ्या गल्लीत कातडं जळल्याचा वास. तुम्ही ओसरीतून धावत आलात तर आत्या झाऱ्या हातात धरून शांतपणे म्हणतात, "दादा, साबुदाणा बदला तुमचा. नासका हाय." खरं काय ते तुम्हालाच सांगावं लागलं. आत्यांनी शिवरात्रीच्या दिवशी थंड पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली, आणि त्यानंतर आपल्या घरी भरल्या ताटाचाही आधी वास घेतल्याशिवाय त्या जेवल्या नाहीत.

त्या दिवसापासून वड्यांना जिन्याच्या खोलीची बंदी. हुकूम माझा. मी जिंकले असं समजून मी दोन वर्षं ऐटीत होते. मग ऐन पावसाळ्यात आपल्या भागातली डीपी जळाली, लाईट गेली ती दोन दिवस आलीच नाही. फ्रीज उघडला तर आतून जो भपकारा आला! दूध गेलं, दही गेलं, लोणी गेलं, माझा सरस तर हिरवा झाला होता. तुम्ही दारात उभे राहून पाहत होतात. "घ्या," तुम्ही म्हणालात, "सरस होता, निरस झाला." इतकं खुश मी तुम्हाला नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

असा तो वाद चालत राहिला. तुम्ही शेवटपर्यंत माझ्या फ्रीजला हात लावला नाहीत, निदान मला तसं वाटत होतं, आणि मी तुमच्या डब्यातल्या वड्यांना शिळे तुकडे म्हणत राहिले. मग होळीच्या आधी एका दुपारी, जरा पडतो, म्हणालात, आणि उठलाच नाहीत. कामाच्या टेबलावर एक पेटी उघडी पडली होती. भाता सुटा केलेला, कापडानं झाकलेला.

ती कांताबाईंची पेटी. माझ्या माहेरच्या, डोणगावच्या विहारात बायकांचं गाणं बसवणाऱ्या कांताबाई. लहानपणी आम्ही पोरी खिडकीला लटकून त्यांचं गाणं ऐकायचो. भीमजयंती जवळ येत होती, साऱ्या बायकांचा सराव अडला होता. तेरवीला त्या आल्या, आईंजवळ बसल्या, पेटीचं चकार शब्दानं बोलल्या नाहीत. उठताना फक्त एकदा टेबलाकडे पाहिलं. ते पाहणं मी पाहिलं.

रात्री जेवताना हे म्हणाले, "बाबाचं काम बाबासंगं गेलं. पेटी अकोल्याले धाडून दे. तू काऊन जिवाले त्रास करून घेतं?" तुमचा मुलगा वाईट बोलत नव्हता, मामाजी. कापसाच्या जिनिंगमधून थकून आलेला माणूस, बाप गेलेला, त्याला ती उघडी पेटी डोळ्यासमोर नको होती. पण माझ्या तोंडचा घास तोंडातच राहिला. ती पेटी गेली असती तर मागून टेबल गेलं असतं, शेगडी गेली असती, आणि मी पुन्हा स्वयंपाकघरात पोहोचले असते, आता तर ओसरीतून निरोप धाडायलाही कुणी नसताना. मी म्हटलं, पेटी मी करीन. ते म्हणाले, कर, पण जमली नाही तर कांताबाईंना जयंतीच्या तोंडावर काय सांगशील?

आणि सरस कुठं होता? माझा फ्रीजमधला डबा दुःखाच्या दिवसांत मदतीला आलेल्या बायकांनी, नासलेली खीर समजून, घासून पालथा घातलेला. बाजारात विचारलं तर म्हणाले, आता कोण घेते तो, ही पांढरी बाटली न्या. तुम्हाला बाटलीतला तो गोंद का नको असायचा ते मला पाठ आहे. तो एकदा धरला की सोडत नाही, पुढच्या दुरुस्तीला लाकूडच फोडावं लागतं. सरस ओल्या गरम फडक्यानं शहाण्यासारखा सुटतो. "आपल्या मांगं कोणी हे उघडन, त्याचा तरी विचार करा," तुम्ही म्हणायचात. एका दुकानात तळाशी थोडा सरस निघाला, तर त्याला भुंग्यानं खाऊन भुगा केलेला. म्हणजे राहिला तुमचा बिस्किटांचा डबा.

म्हणून तो उघडला.

वरच्या थरात ओळखीचे वेडेवाकडे तुकडे होते. तुम्ही सुरीनं कापायचात ते, कुणी त्रिकोणी, कुणी चिंचोळे. मी मूठभर बाजूला काढले. खाली मात्र सगळ्या वड्या एकसारख्या. चौकोनी, कोपरे गोल, आणि प्रत्येकीच्या पोटावर एक छोटंसं फूल. मी एक उचलून उजेडात धरली. कुठं पाहिलं आहे हे फूल? दुसरी उचलली, तिच्यावर फुलाला छेदून एक तिरपी रेघ. ती रेघ मात्र मी लगेच ओळखली, कारण ती माझ्या हातची आहे. बर्फ निघत नव्हता म्हणून मी ट्रेमध्ये सुरी खुपसली होती, तेव्हा तळाला पडलेली.

माझा बर्फाचा ट्रे, मामाजी! माझ्या फ्रीजमधला!

आईंना सगळं माहीत होतं. उन्हाळ्यात मी माहेरी गेले की तुम्ही उरलेला सरस ट्रेमध्ये ओतायचात, फ्रीजमध्ये घट्ट जमवायचात, आणि मग कुलरच्या वाऱ्यात वाळवायचात. अर्थात! खामगावच्या मे महिन्यात सरस बाहेर जमेल कसा? दरवर्षी जूनमध्ये परत आले की मी विचारायचे, इतक्या उन्हात वड्या घातल्या तरी कशा? आणि तुम्ही मिशीत म्हणायचात, "हात लागते त्याले." हात! आणि दरवर्षी जूनमध्ये माझ्या सरबताच्या बर्फाला जो वास यायचा, त्यासाठी मी फ्रीजवाल्याला बोलावून आणलं होतं. तो बिचारा फ्रीजमध्ये डोकं घालून दोष शोधत होता आणि तुम्ही ओसरीत बसून त्याला चहा पाजत होतात.

आईंना विचारलं, मला सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "मंग सांगीन. पोळी जळून राह्यली."

मी वड्या भिजवल्या. सकाळी पाहिलं तर त्या फुगून मऊसूत झाल्या होत्या आणि पोटावरची बारकी फुलं चांगली मोठी उमलली होती. खरं सांगते, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तापवल्या. वास ओल्या कातड्याचाच, न बदललेला. तार लांब आली. तरी भरवसा ठेवला नाही. सागवानाच्या दोन चिरफळ्या जोडून बांधून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी छिन्नी लावून हातोडी घातली. लाकूड फाटलं, मामाजी. जोड तसाच. यांच्यासमोर ती फाटलेली चिरफळी नेऊन धरली. त्यांनी ती उलटी-पालटी करून पाहिली, उठून तुमचं टेबल खिडकीच्या उजेडात सरकवून दिलं आणि बाही वर करून विचारलं, काय धरू?

भाता आम्ही दोघांनी मिळून चढवला. जुना सरस मी खरवडला नाही. जुन्यावर नवा बसतो, त्याच्याशी एकजीव होतो, हे तुमचंच. हे फळी दाबून धरत होते, सरस मी लावत होते. मी त्यांना घाई करा म्हणून दटावत होते आणि मध्येच लक्षात आलं की मी शेगडीकडे बघून बोलते आहे.

कांताबाई आल्या. ओसरीत मांडी घालून बसल्या, भाता ओढला, आणि सूर न दाबता नुसताच कान लावून थांबल्या. आम्हीही थांबलो. भाता जागचा हलला नाही. मग त्यांनी सा धरला, लांब, खूप लांब, आणि डोळे मिटून मान हलवली. "वारा गळत नाई बाई," त्या म्हणाल्या. "तुह्या मामाजीचाच हात लागला वाटते." मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. जाताना त्यांनी पेटी स्वतः उचलली, यांना हात लावू दिला नाही.

त्या गेल्यावर मी आईंना पुन्हा गाठलं. आता पोळी नाही, काही नाही, सांगा. आईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "म्या म्हणलं होतं त्यायले. सांगून टाका पोरीले का तिचा फ्रिज बरा हाय म्हणून. तं म्हणे, सांगितलं तं वाद मिटन. मंग सूनबाई माह्याशी बोलन कायच्यावर?"

मामाजी, हे ऐकून मी ओसरीत आले आणि तुमच्या जागेवर बसून पुष्कळ रडले. विषय काय कमी होते हो? मी कशावरही बोलले असते. पावसावर, सरबतावर, चिखलीच्या आत्यांवर. मला तुमच्याशी बोलायला आवडायचं. माझ्या वडिलांशी मी इतकी बोलले नव्हते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मला वाटायचं ते तुम्हाला दिसतच असेल, आणि तुम्ही बापडे ट्रे लपवत बसलात, वाद टिकावा म्हणून. किती छान केलंत. माझ्या बर्फाची वाट लावलीत, पण किती छान केलंत.

तर तो वाद आता मिटला आहे. जमवायचा माझ्या फ्रीजमध्ये, वाळवायचा तुमच्या रीतीनं. आज कांताबाईंच्या पेटीचा उरलेला सरस मी त्याच ट्रेमध्ये ओतला आणि उघड उघड, दह्याच्या शेजारी ठेवला. आईंनी तो पाहिला आणि दही उचलून खालच्या कप्प्यात नेलं. गावाकडून आणखी एक पेटी येणार आहे.

पण एक सांगून ठेवते. तुमच्या वड्या मी नीट तपासल्या. तुम्ही ट्रे काठोकाठ भरायचात. वडी जाड होते, वरून वाळते आणि पोटात ओल राहते. काहींच्या आत बुरशी निघाली, मी काढून टाकली. मी ट्रे निम्माच भरला आहे. पातळ वडी लवकर वाळते आणि लवकर भिजते. तुमची पद्धत चूक होती, माझी बरोबर आहे.

आता बोला.